दोन मामा, दोन नद्या

गेल्या कार्तिकात थोरल्या बहिणीबरोबर काशीयात्रेचा योग आला. आमचा मुक्काम होता पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा हा सारा टापू म्हणजे जुन्या काशीतील मराठी माणसांची वस्ती. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे, आणि एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये पुरे केले तेही याच क्षेत्री. त्यामुळे त्या अरुंद गल्ल्यांतून चालताना मराठी यात्रेकरूला परकेपणा असा फारसा वाटत नाही. कार्तिक महिन्यात या घाटावर आणखी एक शोभा असते. उंच बांबूंच्या टोकांना टोपल्या टांगून त्यांत पितरांसाठी आकाशदीप लावतात. पहाटे स्नानाला उतरावे, तर माथ्यावर ते मिणमिणते दिवे आणि पायांशी काळेभोर, संथ पाणी.

अशाच एका पहाटे स्नान आटोपून आम्ही दोघे भावंडे पायरीवर बसलो होतो. कोठून तरी सनईसारखा एक स्वर आला आणि विरला. अक्का बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “अरे, त्या बासरीचे काय करू?”

“कोणत्या बासरीचे?”

“त्याच्या. ट्रंकेत आहे ती. तू सांगितलेस तेव्हा ठेवली, ती तिथेच आहे.”

माझा भाचा तेरा-चौदा वर्षांचा होता तेव्हाची ही गोष्ट. मुलगा बुद्धीने मंद नव्हता, परंतु शाळेत त्याचे चित्त म्हणून लागत नसे. वर्गातील मुले मैदानावर असत तेव्हा हा गच्चीवर एकटा बासरी घेऊन बसे. चारचौघांत बोलायला लाजे. गुण घसरू लागले. घरात मी शिकलेला मामा म्हणून निवाडा माझ्याकडे आला, आणि मी तो पाच मिनिटांत दिला: आधी दहावी, मग बासरी. मुलाने वाद घातला नाही. बासरी कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि दहावी उत्तम रीतीने पार पाडली. आज तो सतरा वर्षांचा आहे. ती ट्रंक काही त्याने पुन्हा उघडली नाही. आज्ञाधारक मुलांच्या बाबतीत हाच मोठा धोका असतो. आपण चुकलो हे ती आपल्याला कळूच देत नाहीत.

अक्काच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मात्र त्या पायरीवर बसल्या बसल्या मला दोन मामा आठवले. एक होता कादंबरीतला. दुसरा खराखुरा, आणि तो होऊन गेला आम्ही बसलो होतो तेथून हाकेच्या अंतरावर. त्या दोन मामांविषयी आज आपणांशी थोडे बोलावे, असे मनात आहे.

पहिला मामा भेटतो रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाच्या ‘ज्याँ क्रिस्तोफ’ या कादंबरीत. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये ज्यांच्या भेटीसाठी मुद्दाम थांबले आणि ज्यांनी गांधीजींना पियानोवर बेटोव्हेन वाजवून दाखविला, तेच हे रोलाँ. गांधीजी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांच्यावरील त्यांचे ग्रंथ आपल्याकडील जाणत्या वाचकांना परिचित आहेत. ‘ज्याँ क्रिस्तोफ’ ही कादंबरी १९०४ ते १९१२ या काळात दहा भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक तिच्या कर्त्याला मिळाले. एका जर्मन संगीतकाराचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे हे चरित्र आहे. नायकाच्या बाळपणात बेटोव्हेनच्या बाळपणाच्या पुष्कळ खुणा आहेत. पहिल्या तीन भागांची नावेच पाहा: पहाट, सकाळ आणि पौगंड. माणूस घडतो कसा, हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांत या तीन भागांची बरोबरी करू शकतील अशी पुस्तके थोडी.

क्रिस्तोफचे घर ऱ्हाईन नदीच्या काठी, एका लहानशा दरबारी गावात. आजोबा आणि वडील दोघेही दरबाराच्या चाकरीतले वादक, आई स्वयंपाकीण. मुलगा हट्टी, हळवा, आणि चार मुलांत कोठेही न सामावणारा. आई एका धनिकाच्या घरी कामाला गेली असता हा तिच्याकडे जातो, तर त्या घरातील मुले त्याच्या अंगावर आपले जुने कपडे ओळखतात आणि त्याची टर उडवितात. हा अपमान त्याला आयुष्यभर पुरतो. परंतु त्याच्या कानात सतत काही तरी वाजत असते. घंटा, पाऊस, नदीचे पाणी, या सर्वांतून त्याला सूर ऐकू येतात. जगाशी न जुळणाऱ्या मुलाचे जगाशी जुळणारे एकच अंग म्हणजे त्याचा कान.

आता या कानाचे वडीलधारे काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. वडिलांना, मेल्खिओरला, मुलाची देणगी कळते त्या क्षणी त्याला दिसतो तो पैसा आणि लौकिक. तो मुलाला पियानोपुढे बसवितो आणि तासन् तास घोकून घेतो. चुकला की बोटांवर छडी. आजोबा प्रेमळ. नातू खेळता खेळता जे गुणगुणतो ते म्हातारा गुपचूप स्वरलिपीत उतरवून घेतो आणि एक दिवस ते त्याच्याच नावाने त्याच्यापुढे ठेवतो. मुलगा आनंदाने वेडा होतो. पण प्रेमातही आढ्यता असतेच. आजोबा त्याला सांगतात की, तू थोर माणूस होणार. मग बाप आणि आजोबा मिळून त्याला दरबारात उभा करतात. करामत अधिक वाटावी म्हणून त्याचे वयही कमी करून सांगतात, मोठ्या माणसाचा पोशाख चढवितात, आणि राजेसाहेबांना अर्पणपत्रिका लिहून देतात. टाळ्या पडतात, बायका मुके घेतात. मुलाला गाण्याची चव लागण्याआधी टाळीची चव लागते.

अशा घरात अधूनमधून आईचा भाऊ येतो. त्याचे नाव गॉटफ्रीड. हा फेरीवाला. पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव सुया, दोरे, रुमाल, पंचांगे विकणारा, अंगाने खुजा आणि स्वभावाने अबोल. घरात त्याची सर्व जण थट्टा करतात, आणि भाचाही त्यांत मागे नसतो. एका संध्याकाळी नदीकाठी अंधारात हा मामा आपल्याशीच गाऊ लागतो. संथ, साधे, लहान मुलाच्या बोलण्यासारखे गाणे. भाचा थरारून जातो. हे गाणे कोणी रचले, असे तो विचारतो, तेव्हा मामा सांगतो की, ते कोणी रचलेले नाही, ते आहेच. मग मुलगा त्याला मोठ्या रुबाबात आपल्या रचना ऐकवितो. दरबाराने वाखाणलेल्या रचना! मामा लक्षपूर्वक ऐकतो, आणि अत्यंत सौम्यपणे सांगतो की, हे कुरूप आहे. मुलगा संतापतो. मामा विचारतो, तू हे का लिहिलेस? तुला काही सांगायचे होते काय? की लोकांनी वाहवा करावी म्हणून लिहिलेस? मुलाजवळ उत्तर नसते. भोवती रात्रीचे बेडूक आणि रातकिडे बोलत असतात. मामा त्यांच्याकडे कान देऊन बसतो, आणि हळूहळू मुलगाही कान देऊ लागतो.

सबंध कादंबरीत मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. बापाने मुलाला मारले, आजोबांनी गौरविले, दरबाराने मिरविले; परंतु त्याचे संगीत ऐकले ते एकट्या फेरीवाल्याने. ऐकले म्हणूनच तो खरे बोलू शकला. पुढे काही लिहिताना, मामा काय म्हणेल, हा विचार त्या मुलाच्या मनात येई, आणि जे मनापासून उतरले नसेल ते त्याला मामापासून लपवावेसे वाटे. पियानोवर बोटे चालविण्याची विद्या या मामाजवळ नव्हती. तरीही भाच्याला आपलाच सूर खरा की खोटा हे पारखण्याची कसोटी मिळाली ती त्याच्याकडून.

आता दुसरा मामा. त्याची नदी ऱ्हाईन नव्हे, गंगा.

बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६ सालचा, बिहारातील डुमरावचा. वडील पैगंबरबख्श खाँ डुमराव संस्थानात सनईवादक होते. सहाएक वर्षांचे असताना ते काशीला आजोळी आले. त्यांचे मामा अलीबख्श, ज्यांना ‘विलायतू’ म्हणत, ते विश्वनाथाच्या मंदिरात सनईची सेवा करणारे. मुलाला शाळेत घातले, पण तेथे त्याचे मन रमले नाही. मन सारे त्या काळ्या, निमुळत्या वाद्यात. असे सांगतात की, लहानपणी मामा वाजवीत असले म्हणजे हा पोर जवळ दगड घेऊन बसे आणि मामा समेवर आले की तो दगड जमिनीवर आपटी. दाद द्यायला शब्द सापडण्याआधी सम सापडली होती.

पंचगंगा घाटाच्या परिसरात बालाजीचे जुने मंदिर आहे. ती मामांच्या रियाजाची जागा. तेथेच त्यांनी भाच्याला बसविले. शिया मुसलमान कुटुंबातला हा किशोर रोज गल्ल्या ओलांडून बालाजीच्या देवळात जाई आणि तासन् तास सनई घासी. त्या काळी यात कोणाला काही नवल वाटत नसे. मंदिराकडे जाण्याच्या वाटा एकाहून अधिक होत्या, परंतु मुलगा निवडी ती एकच. त्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींचे घर होते, आणि त्या घरातून ठुमरी, टप्पा, दादरा यांचे सूर रस्त्यावर येत. गाण्याची पहिली गोडी आपल्याला या बहिणींमुळे लागली, असे खाँसाहेबांनी पुढे कीर्ती मिळाल्यावरही मोकळेपणाने सांगितले. पौगंडावस्थेतील मुलाची शाळा कोठे भरते, हे कोणत्याही हजेरीपटावरून कळत नाही. या मुलाची शाळा एका खिडकीखाली भरत होती.

बालाजी मंदिरातील एक प्रसंग खाँसाहेब आपल्या मुलाखतींतून सांगत असत. मामांनी आधीच बजावून ठेवले होते की, येथे तुला काही दिसले, काही अनुभव आला, तर तो कोणाला सांगायचा नाही. एका रात्री रियाज रंगात आला असता मुलाला सुगंध आला, आणि साक्षात बालाजी समोर उभे असल्याचे दिसले. तो घाबरला. दुसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून त्याने मामांना सांगून टाकले. मामांनी त्याच्या थोबाडीत मारली. सांगू नकोस म्हटले होते ना!

या हकिकतीकडे चमत्कार म्हणून पाहायचे की तल्लीन झालेल्या मनाचा अनुभव म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. मेल्खिओरने क्रिस्तोफला मारले ते मूल चारचौघांत चमकावे म्हणून. अलीबख्शांनी मारले ते त्याने आतला अनुभव चारचौघांत मांडू नये म्हणून. मारणे मला एरवीही मान्य नाही, आणि त्या चपराकीचे समर्थन मी करीत नाही. परंतु तिच्यामागचा अर्थ आणि त्या फेरीवाल्या मामाच्या सौम्य शब्दांमागचा अर्थ एकच होता, असे मला वाटते: संगीत मिरवण्यासाठी नाही. जे तुला मिळाले ते आत ठेव, मुरू दे, मग ते आपोआप स्वरातून बाहेर येईल.

आणि ते आले. १९३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा मामांबरोबर अलाहाबादच्या संगीत परिषदेत वाजवायला बसला. लग्नमंडपाच्या आणि देवडीच्या बाहेर ज्या वाद्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती, त्याला त्याने मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. १९४७ च्या स्वातंत्र्यसोहळ्यात लाल किल्ल्यावर त्याची सनई वाजली, आणि २००१ मध्ये भारतरत्न हा सन्मान त्याला मिळाला. २१ ऑगस्ट २००६ रोजी काशीतच त्याचे देहावसान झाले. जगभर वाजवून आल्यावरही त्या माणसाने आपली गल्ली सोडली नव्हती.

याच काशीत १९२० मध्ये जन्मलेल्या आणखी एका मुलाची कथा येथे आठवते. रविशंकर दहाव्या वर्षी थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर पॅरिसला गेले. पौगंडावस्था युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावर गेली. उंची कपडे, वर्तमानपत्रांतील स्तुती आणि टाळ्या यांची वाण नव्हती. १९३५ च्या सुमारास त्या मंडळीबरोबर अल्लाउद्दीन खाँ काही काळ हिंडले, आणि त्या कठोर म्हाताऱ्याने या सजलेल्या पोराला खडसावले की, तू दहा गोष्टी करशील, पण एकही नीट करणार नाहीस. मुलाला ते लागले. १९३८ मध्ये, अठराव्या वर्षी, ते सर्व झगमगाट सोडून तो मैहरच्या एका साध्या खोलीत खाँसाहेबांपुढे शिकायला बसला. येथेही निर्णायक ठरला तो खरे बोलणारा एक वडीलधारा.

यावर कोणी म्हणेल, हे सारे ठीक आहे. पण बिस्मिल्ला खाँ आणि रविशंकर लाखांत एक. बाकीच्या मुलांनी बासरी घेऊन गच्चीवर बसावे आणि दहावीत नापास व्हावे काय? हा प्रश्न खोटा नाही. मीही तो विचारला होता, किंबहुना त्याच्याच जोरावर मी माझा निवाडा दिला होता. शिवाय एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सनई हा बिस्मिल्ला खाँच्या घरचा वारसा होता. क्रिस्तोफच्या घरातही दोन पिढ्या संगीत होते. शाळेत न जुळणाऱ्या त्या मुलांना घरात, मंदिरात, गल्लीत जुळणारी जागा होती. आमच्यासारख्या नोकरदार घरांत तशी जागा नाही. मूल शाळेत जुळले नाही की ते कोठेच जुळत नाही, आणि मग त्याच्यासाठी उरते ती गच्ची.

परंतु या भेदाने आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. परंपरेने जे सहज दिले ते आपल्याला जाणून द्यावे लागेल. आणि ते काही फार महाग नाही. रोलाँच्या मामाजवळ पैसा, विद्या, ओळखी यांतले काहीच नव्हते. भाचा थोर संगीतकार होईल की नाही, याची त्याला फिकीरही नव्हती. त्याने संध्याकाळचा एक तास दिला, आणि खरे मत दिले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हव्या असतात त्या याच दोन गोष्टी. आज आपण या वयाच्या मुलांना दोनच टोके दाखवितो. एक तर दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत दिवे, पोशाख आणि गुणांकाच्या पाट्या घेऊन उभे राहा, नाही तर वाद्य ट्रंकेत ठेवून अभ्यासाला बसा. पहिले टोक मेल्खिओरचे, दुसरे माझे. दोन्हींत साम्य एवढेच की, मूल काय वाजवीत आहे, ते कोणी ऐकत नाही.

होय, ऐकत नाही. त्या पहाटे पंचगंगेच्या पायरीवर माझ्या ध्यानात आले ते हेच. निवाडा देण्यापूर्वी मी भाच्याचे गुणपत्रक दोन वेळा वाचले होते. त्याची बासरी मी एकदाही ऐकली नव्हती. ती बेसूर असती तर तसे सांगता आले असते. सुरेल असती तर अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास तिच्यासाठी राखता आला असता. दोन्ही शक्यता मी न ऐकताच बंद केल्या.

कादंबरीच्या चौथ्या भागात क्रिस्तोफला मामाची आठवण अनावर होते. सर्वांनी पाठ फिरविली असता, आपल्याला खरे ओळखणारा तो एकच होता, हे त्याला कळते, आणि तो त्याला शोधत एका खेड्यात जातो. तेथे त्याला समजते की, मामा केव्हाच वारला. ज्या घरात त्याने अखेरचा श्वास घेतला त्या घरातील एक आंधळी मुलगी त्याच्या आठवणी सांगते. भाच्याला मामाचे ऋण बोलून दाखविता आले नाही. हा भाग मी पूर्वी वाचला तेव्हा मला भाच्याचे दुःख वाटले होते. काशीहून परतताना मात्र मला वाटले की, उशीर दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. भाच्याला मामा सापडायला उशीर होतो, तसा मामालाही भाचा सापडायला होतो.

अक्काने गंगेचे पाणी तांब्यात भरून घेतले. उजाडत होते, आकाशदीप फिके पडत होते. मी तिला म्हटले, “अक्का, बासरी ट्रंकेतून काढू नकोस.”

तिने माझ्याकडे पाहिले.

“मी येऊन त्यालाच काढायला सांगतो,” मी म्हणालो. “आणि वाजव म्हणणार नाही. वाजवशील का, असे विचारणार आहे.”

अक्का काही बोलली नाही. तांब्याचे तोंड फडक्याने बांधून ती उठली, आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो.